त्याची संमती आहे, पण माझं काय?

पत्र

ताई, मी 33 वर्षांची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते. लग्नाला चार वर्षं झाली आणि नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. केमोनंतर मूल होण्याची खात्री देता येत नाही, त्यामुळे आधी वीर्य गोठवून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पुण्याला जाऊन ते करून आलो. तिथल्या फॉर्मवर एक प्रश्न होता: पतीचा मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करायचं? नष्ट करायचा, की पत्नीला वापरू द्यायचा? त्यानं दुसऱ्या चौकटीत खूण केली, सही केली आणि म्हणाला, "चल, आता मिसळ खाऊ." आम्हाला वाटलंच नव्हतं की त्या ओळीची कधी गरज पडेल.

सव्वा वर्षापूर्वी तो गेला. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाला होता, "माझ्यामागं अडकून बसू नकोस." वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी सासूबाईंनी ट्रंकेतून त्याची लहानपणची कुंची काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "अभिमन्यू गेला तरी उत्तरेला परीक्षित झाला. पांडवांचा वंश टिकला." सासरे तिथंच बसले होते, काही बोलले नाहीत. दीर म्हणतात, तुला जमत नसेल तर आई-बाबा अर्ज करतील, दिल्लीत कोर्टानं आई-वडिलांना परवानगी दिलीय. माझी आई म्हणते, मूल झालं की दुसऱ्या लग्नाचा विषयच संपला. गावातली माणसं काय बोलतील ते वेगळंच.

पुढच्या महिन्यात क्लिनिकमध्ये नूतनीकरणाचे पैसे भरायचे आहेत, तसा मेसेज आलाय. मला मूल हवंय की नको, हेच मला कळेना. काही रात्री वाटतं, हवंय. काही रात्री वाटतं, मूल नकोय, तोच हवाय. बाप नसलेलं मूल मुद्दाम जन्माला घालणं चूक आहे का? आणि नाही घातलं, तर त्याचा उरलेला शेवटचा अंशही मीच संपवला, असं होईल का?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेत असं मला वाटतं. नाही. नमुना वापरला नाही म्हणून तुम्ही कुणालाही संपवत नाही. पुण्यात उणे 196 अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ज्या कुप्या ठेवल्यात, त्यांत शुक्राणू आहेत. त्यांत जीव नाही, बाळ नाही, तुमचा नवराही नाही. एक शक्यता आहे, आणि ती तुमच्या शरीराशिवाय, तुमच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांशिवाय शक्यताच राहते. जो गेला तो आजारानं गेला. त्याच्या मरणाचा दुसरा हप्ता तुमच्या नावावर कुणीही लावू नये, तुम्हीही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हे चूक आहे का? माझं मत स्पष्ट आहे. जो गेला त्यानं जिवंतपणी, शुद्धीत, समजून होकार दिला असेल आणि मागं राहिलेल्या जोडीदाराला स्वतःला ते मूल वाढवायचं असेल, तर चूक नाही. यातली एक जरी अट ढासळली तरी मी थांबा म्हणेन. तुमच्या बाबतीत पहिली अट पुरी झालीय. दुसरी अजून झालेली नाही, आणि ती तुमच्याऐवजी पुरी करायला घरातले सगळे निघालेत. मला काळजी वाटते ती याची.

फॉर्मवरच्या त्या खुणेबद्दल थोडं सविस्तर लिहिते. त्यानं केलं ते मोलाचं आहे. पुष्कळ घरांत ही चौकट कोरी राहते किंवा घाईत कुठंतरी खूण होते, आणि मग माणूस गेल्यावर त्याच्या मनात काय होतं यावरून कोर्टकचेऱ्या होतात. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं असंच प्रकरण आलं. कर्करोगानं गेलेल्या एका अविवाहित तरुणानं फॉर्मवर 'मृत्यूनंतर नष्ट करा' असं लिहून दिलं होतं. त्याच्या आईला मात्र तो नमुना वंश पुढं चालवण्यासाठी हवा होता. न्यायालयानं सुनावणी होईपर्यंत तो जपून ठेवायला सांगितलं. त्या आईचं दुःख मला कळतं. पण मुलानं स्वतःच्या हातानं 'नको' लिहिलं असेल, तर त्या शब्दाला त्याच्या मागंही किंमत असली पाहिजे असं मी मानते.

तुमच्या नवऱ्यानं 'हो' लिहिलं. त्या 'हो'चा अर्थ एवढाच की तुला हवं असेल तर माझी हरकत नाही. ती परवानगी आहे. हे करच, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. शिवाय नंतर तो म्हणाला, अडकून बसू नकोस. त्यातलं खरं कुठलं, असं तुम्ही स्वतःला विचारत असाल, तर माझ्या मते दोन्ही खरी. फॉर्म भरताना त्यानं तुमच्यासाठी एक दार उघडं ठेवलं, आणि शेवटच्या आठवड्यात सांगितलं की त्या दारातून जाण्याची सक्ती नाही. या दोन वाक्यांत मला विरोध दिसत नाही. दोन्हींत त्याला तुमची काळजी आहे.

दिरांनी सांगितलेली दिल्लीची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. 4 ऑक्टोबर 2024 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं एका रुग्णालयाला आदेश दिला की मृत तरुणाचा गोठवलेला नमुना त्याच्या आई-वडिलांच्या हवाली करा. तो तरुण अविवाहित होता. बायको असती तर चित्र वेगळं असतं. त्याआधी, जानेवारी 2021 मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयापुढं विवाहित मुलाचे वडील असाच अर्ज घेऊन आले होते. न्यायालयानं तो फेटाळला आणि सांगितलं की मुलाखेरीज त्या नमुन्यावर कुणाचा हक्क असेल तर तो त्याच्या पत्नीचा, वडील म्हणून तुमचा नाही. तुमच्या नवऱ्यानं तर फॉर्मवर पत्नी असंच लिहिलंय. म्हणजे तुम्हाला डावलून सासरचे हे करतील ही भीती मनातून काढून टाका. तरी क्लिनिकला एक लेखी पत्र द्या की तुमच्या सहीशिवाय नमुन्याबाबत काहीही करू नये, आणि त्याची पोच घ्या. फॉर्मची प्रतही मागून घ्या. ती तुमच्याजवळ हवी.

कायद्याच्या बाजूनं तुमची वाट मोकळी आहे. 2021 चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा एकट्या बाईलाही उपचार घेऊ देतो, वय 21 च्या पुढं आणि 50 च्या आत असावं लागतं. स्वतःच्या पोटी वाढवणं शक्य नसेल तर सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी गर्भ वाढवणं, पण सरोगसीच्या वेगळ्या कायद्यात विधवेसाठी वयाची अट 35 ते 45 आहे आणि पैसे देऊन गर्भ वाढवून घ्यायला बंदी आहे. तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही, म्हणून एवढंच सांगून पुढं जाते.

सासूबाईंनी उत्तरेचं उदाहरण दिलं. त्यांच्या तोंडून ते येणं स्वाभाविक आहे, आपल्याकडं अशा वेळी हीच गोष्ट आठवते. पण अभिमन्यू पडला तेव्हा उत्तरा गरोदर होती. तिच्यापुढं निवडीचा प्रश्नच नव्हता. तुमच्या परिस्थितीच्या जवळ जाणारी गोष्ट त्याच महाभारतात आहे, पण आणखी मागच्या पिढीत. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला. सत्यवतीला वंशाची काळजी लागली, तिनं व्यासांना बोलावलं आणि सुनांना तयार केलं. अंबिकेनं भीतीनं डोळे मिटून घेतले, अंबालिका पांढरी पडली. पुन्हा जा म्हटल्यावर अंबिकेनं स्वतः न जाता दासीला पाठवलं. त्या दोघींना काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. सत्यवती दुष्ट नव्हती, दोन मुलं गमावलेली आई होती ती. सासूबाईही दुष्ट नाहीत. पण त्यांच्या दुःखावरचा उपाय तुमच्या गर्भाशयातून जाणार असेल, तर तुमचा शब्द पहिला हवा.

आता मुलाबद्दल. एवढ्या मोठ्या चर्चेत त्याची बाजू मांडायला कुणीच नाही, म्हणून इथं जरा रेंगाळते. बाप नसलेलं मूल वाढत नाही का? वाढतं, चांगलं वाढतं. आपल्या आसपास नवरा गेल्यावर बायकांनी एकटीनं मोठी केलेली कितीतरी मुलं आहेत. मला भीती बापाच्या नसण्याची वाटत नाही. भीती वाटते ती बापाच्या सतत असण्याची. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोशी ज्याची रोज तुलना होते, 'अगदी तस्सा दिसतो', 'त्याच्यासारखाच चालतो', 'तोच परत आलाय', असं ज्याला पाळण्यापासून ऐकवलं जातं, त्या मुलाला स्वतःचं काही व्हायला जागा कुठं राहते? त्याला गणितात गोडी नसेल आणि बापाला होती, तर आजीच्या डोळ्यांतली निराशा ते मूल वाचणार. मूल ही निशाणी नसते. कुणाची तरी जागा भरायला ते येत नाही.

म्हणून काही प्रश्न स्वतःला विचारा, एकटीनं, कुणी घरात नसताना. मुलगी झाली तर? ती हुबेहूब तुमच्यासारखी दिसली, त्याचा मागमूसही तिच्यात नसला, तरी ती तितकीच हवीशी वाटेल? मूल आजारी निघालं तर? (लिम्फोमा बहुतेक वेळा वारशानं येत नाही, तरी जनुकीय समुपदेशकाला एकदा भेटाच, मनातली शंका जाईल.) सासू-सासरे थकल्यावर, रात्री दोनला ताप आलेल्या बाळाला घेऊन दवाखान्यात एकटीनं जायचंय, सकाळी बँकेत कॅशवर बसायचंय, हे चित्र डोळ्यांपुढं आणल्यावर 'जमेल' असं वाटतं, की 'तो असता तर' हेच पहिलं मनात येतं? दुसरं येत असेल तर ते अजून दुःख बोलतंय. त्यात वाईट काही नाही, पण दुःखाला बोलून संपू द्यावं. तुम्ही पत्रात लिहिलंय, काही रात्री तोच हवा असतो. ते इतक्या नेमकेपणानं तुम्हाला दिसलंय, यावरूनच मला वाटतं की तुम्ही योग्य निर्णयापर्यंत पोचाल.

आणखी एक प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही. उपचार अयशस्वी झाला तर? बहुधा तुमच्या बाबतीत आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करणं लागेल, त्यातही इक्सी, म्हणजे एका बीजांडात सुईनं एकच शुक्राणू सोडायचा. आठ-दहा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजांडं काढणं, मग वाट पाहणं. दर प्रयत्नाला यश येतंच असं नाही. कुप्या मोजक्या असतात. नवरा जिवंत असलेल्या जोडप्याला 'या वेळी नाही झालं' हे ऐकून पुन्हा उभं राहता येतं. तुमच्यासाठी शेवटची कुपी वापरून झाली आणि मूल राहिलं नाही, तर तो पुन्हा एकदा गेल्यासारखं होईल. ते सोसायची तयारी आहे का, हे आधी पाहा, आणि सासूबाईंनाही आधी सांगा. त्यांच्या मनात बाळ आत्ताच कुंची घालून बसलंय.

पुढच्या महिन्याचं काय, तर पैसे भरा आणि मुदत वाढवून घ्या. हा माझा सगळ्यात साधा सल्ला आहे. मूल हवं की नको हे ठरवायला क्लिनिकच्या मेसेजची तारीख ही मुदत नव्हे. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनं 2006 मध्येच म्हटलंय की जोडीदाराच्या मृत्यूनंतर किमान वर्षभर उपचार सुरू करू नयेत, आणि आधी भरपूर समुपदेशन व्हावं. तुमचं वर्ष उलटलंय, पण वर्ष उलटलं की दुःख उलटतं असं नाही. गोठवलेले शुक्राणू अजून काही वर्षं तिथं राहिले तर फारसं बिघडत नाही. घड्याळ चालतं ते तुमच्या वयाचं, कारण पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या आणि दर्जा उतरत जातो. तेव्हा दहा वर्षं थांबा असं मी म्हणणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जाऊन बीजांडांचा साठा किती आहे त्याची तपासणी करून घ्या, रक्ताची आणि सोनोग्राफीची. अहवाल ठीक आला तर स्वतःला आणखी वर्षभर द्यायला हरकत नाही, आणि ते वर्ष एखाद्या चांगल्या समुपदेशकाबरोबर घालवा. नमुना ठेवण्याची कमाल मुदत किती, हे क्लिनिकच्या करारात वाचून घ्या.

या प्रश्नावर जगातल्या विचारी समाजांचंही एकमत नाही. फ्रान्स आणि जर्मनीत मृत पतीचे शुक्राणू वापरायला बंदी आहे, ब्रिटनमध्ये लेखी संमती असेल तर चालतं, इस्रायल त्याहून मोकळा आहे. तेव्हा तुमचं मन दोन्हीकडं झुकतंय म्हणून तुमच्यात काही कमी आहे असं मानू नका. ब्रिटनमधल्या डायेन ब्लड यांचं प्रकरण तुम्हाला उपयोगी पडेल. त्यांचा नवरा 1995 मध्ये मेंदूज्वरानं गेला. तो बेशुद्ध असताना शुक्राणू काढले होते, लेखी संमती नव्हती. 1997 मध्ये न्यायालयानं त्यांना बेल्जियममध्ये उपचार घेण्याची मुभा दिली. 1998 आणि 2002 मध्ये त्यांना दोन मुलगे झाले. पण जन्मदाखल्यावर बापाचं नाव लावता येईना, कारण कायद्याच्या लेखी त्या मुलांना बापच नव्हता. त्यासाठी 2003 मध्ये ब्रिटिश संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडं तसा स्वतंत्र कायदा अजून नाही, आणि इथं तुम्हाला वकिलाची गरज आहे. विवाह संपल्यापासून 280 दिवसांच्या आत जन्मलेलं मूल त्याच पतीचं, असं पुराव्याचा कायदा गृहीत धरतो. हिंदू उत्तराधिकार कायदा बापाच्या मृत्यूच्या वेळी पोटात असलेल्या मुलाला वारसाहक्क देतो. तुमचं मूल या दोन्हींत बसत नाही. घर, जमीन, त्याचा विमा यांत मुलाला वाटा मिळावा असं सासरच्यांना वाटत असेल, तर ते आधी कागदावर यायला हवं. 'आमचंच तर आहे सगळं' या वाक्यावर विसंबू नका. आज प्रेमानं बोलणारे दीर उद्या वाटणीच्या वेळी कसे बोलतील, कुणी सांगावं. शाळा-दाखल्याची चिंता मात्र नको. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव लावणं बंधनकारक आहेच, आणि एकट्या आईच्या नावावर जन्मदाखला मिळायला हवा हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच सांगितलंय.

गाव काय म्हणेल? काही माणसं वाईट बोलतील. विधवेचं पोट दिसलं की चारचौघांत कुजबुज होणार, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 रोजी विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मंगळसूत्र तोडू नका, बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका, असं गावानंच सांगितलं. म्हणजे माणसं बदलतात. मूल हवं असं ठरलं तर लपवू नका. जवळच्या चार बायकांना आधीच खरं सांगून ठेवा, बाकीच्यांपर्यंत त्याच पोचवतील. आणि मुलाला समजायला लागल्यापासून खरं सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळणं वाईट.

तुमच्या आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मूल झालं की पुनर्विवाह अवघड होतो. पण विषय संपत नाही. उलट क्रमानं गेलात, म्हणजे आधी लग्न केलंत, तर मग हा निर्णय तुमच्या एकटीचा राहणार नाही, त्यात आणखी एका माणसाचं आयुष्य येतं. त्यामुळे कुणी स्थळ आणलं तर पुण्यातल्या कुप्यांबद्दल पहिल्या दोन-तीन भेटींतच बोला.

सासूबाईंना काय सांगायचं? मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं, "आई, त्यानं मला परवानगी दिलीय, पण ठरवायचं मला आहे. मी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. पैसे भरलेत, काही वाया जात नाही. एक वर्ष मला यावर काही विचारू नका." कुंची नाकारल्यासारखी परत करू नका, आणि कपाटात वरही काढून ठेवू नका. "तुमच्याकडंच राहू दे, तुमच्या लेकराची आहे," असं म्हणून त्यांच्या हातात द्या. त्यांचं दुःख त्यांनाही मानानं सांभाळता आलं पाहिजे. जमलं तर समुपदेशकाकडं एकदा त्यांनाही घेऊन जा.

आणि सासऱ्यांशी एकदा एकट्यानं बोला. तुमच्या पत्रात ते एकाच ओळीत येतात, गप्प बसलेले. घरात सगळ्यांनी धरून चाललंय की ते सासूबाईंच्या बाजूचे आहेत. त्यांना कुणी विचारलंय का, हे मला पत्रावरून दिसलं नाही. विचारा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.